बेळगाव की बेळगावी? विकिपीडियावर पानाचं नाव कसं बदलतं

कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ केले. पण सरकारी अधिसूचना निघाली म्हणून विकिपीडियावरील पानाचे शीर्षक आपोआप बदलत नाही. इंग्रजी विकिपीडियावर नावाचा वाद असेल, तर त्या पानाच्या चर्चापानावर कारणांसह नावबदलाची विनंती टाकावी लागते. चर्चा साधारण ७ दिवस चालते. तिथे डोकी मोजत नाहीत. वर्तमानपत्रांत, पुस्तकांत कोणते नाव जास्त रूढ आहे, याचे पुरावे बघतात. त्यामुळे चार मित्रांना ‘सपोर्ट’ लिहायला लावून उपयोग नाही. शीर्षक बदलले तरी जुने नाव सहसा पुनर्निर्देशन म्हणून राहते. ते शोधणारा त्याच पानावर पोहोचतो. आणि इंग्रजीत काहीही ठरो, मराठी पानाचे शीर्षक मराठी विकिपीडियाचे सदस्यच ठरवतात.