तराजू कुणाच्या हाती

शेतकऱ्यांचा बाजार म्हटले की आपल्याकडे आठवडी बाजाराचे गोडवे सुरू होतात. पूर्वी शेतकरी पाटी घेऊन यायचा, थेट विकायचा, रोकडा पैसा कनवटीला लावून घरी जायचा. दलाल मध्ये घुसवला तो बाजार समित्यांनी, असे सांगितले जाते. इतिहास याला फारसा दुजोरा देत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुप्याला, आसपासच्या गावांतले शेतकरी जमले. सुपे हे बाजाराचे गाव. दुकानदार आणि सावकार तिथे बरेच. जमलेल्यांनी दुकानांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे मागितले, हाती लागले ते जाळले. नगर जिल्ह्यापर्यंत पसरलेल्या या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धान्य आणणारा कुणबी आणि ते घेणारा वाणी हे त्या बाजारात नुसते विकणारे आणि विकत घेणारे नव्हते. ते ऋणको आणि धनको होते. माल गाडीतून उतरायच्या आत त्याचा भाव अनेकदा वहीत पडलेला असे. समोरासमोरच्या विक्रीने शेतकरी मोकळा होतो, ही समजूत सुप्यापुढे टिकत नाही. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला तो कर्जापुरता. बाजाराला त्याने हात लावला नाही.

बाजाराला हात लागला तो १८८६ साली, आणि तोही दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी. पुण्यात शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारी भाजीची मंडई हलवायची म्हणून नगरपालिकेने मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली दगडी इमारत उभारली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या खर्चाला विरोध केला होता; हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव लागले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही लागले, तेव्हा एका अर्थी फुल्यांच्या वाट्याला दोन मंडया आल्या! इमारतीमुळे भाजी उन्हापावसातून वाचली, नगरपालिकेला गाळ्यांचे भाडे मिळू लागले. मेथीची जुडी पिकवणाऱ्याच्या हाती किती पडणार, हे मात्र छपराने ठरत नव्हते.

त्याच वर्षी वऱ्हाडात, कारंज्याच्या कापूसबाजारावर हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने नियमन आले. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंज्याचे नाव घेतात. त्या काळच्या बाजारांतला व्यवहार जवळून पाहिल्याशिवाय नियमनाचे मोल कळत नाही. कापसाची गाडी उभी राही. आडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालीत आणि बोटे दाबून भाव करीत. हीच हत्ता पद्धत. मालाचा धनी गाडीशी उभा, पण भाव त्याला आडत्याच्या तोंडूनच कळायचा. मग वजन, आणि वजनमापेही ज्याची त्याची. त्यानंतर कपातींची रांग: आडत, तोलाई, हमाली, कडता आणि वर धर्मादाय, म्हणजे पुण्य व्यापाऱ्याचे आणि पैसा शेतकऱ्याचा. नियंत्रित बाजाराचे काम एवढेच की भाव उघड्यावर पुकारला जावा, तोलणारा परवान्याचा असावा आणि कपाती ठरलेल्या असाव्यात.

यावर आक्षेप असा की ही व्यवस्था इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी आणली. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात हवा होता. आक्षेप खरा आहे आणि पुरावाही त्याच्याच बाजूचा आहे. १८९७ च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजारावर समिती नेमली, पण तीत कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. मात्र यातून नियमन निरुपयोगी ठरत नाही. नियम कुणाच्या हाती, हा प्रश्न उरतो. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूसबाजार कायद्याने उत्पादकाला समितीत घेतले आणि पुढच्याच वर्षी शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. मुंबईचाच १९३९ चा कायदा कापसापलीकडच्या मालालाही लागू होणारा होता, आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुमत दिले.

बहुमत आले, पण कसे? पंधरापैकी अकरा प्रतिनिधी सेवा सोसायट्यांतून आणि चार ग्रामपंचायतींतून. बाजारात माल आणणारा प्रत्यक्ष मतदार नव्हताच. ज्याच्या हाती तालुक्यातल्या सोसायट्या, त्याच्या हाती बाजार समिती. २०१७ मध्ये किमान दहा गुंठे जमीन असून ठरावीक वेळा माल विकलेल्या शेतकऱ्याला मत मिळाले आणि पुढे काढूनही घेतले गेले. आडतही शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जात राहिली. फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराने द्यावी, हे ठरायला २०१६ साल उजाडले, आणि तेही व्यापाऱ्यांच्या बंदला तोंड देऊन.

मग समित्याच मोडाव्यात, हा दुसरा आक्षेप. शेतकऱ्याला बाजाराचे स्वातंत्र्य हवे, हे शेतकरी नेते शरद जोशींचे म्हणणे चाकणच्या कांदा आंदोलनाच्या अनुभवातून घडलेले आहे, ते हलक्यावारी झटकता येत नाही. पण बिहारने २००६ मध्ये आपला बाजार समिती कायदाच रद्द केला. त्यानंतर खासगी बाजार उभे राहतील अशी अपेक्षा होती. ते फारसे राहिले नाहीत आणि छोटा शेतकरी गावातल्या व्यापाऱ्याच्या दारातच अडकून पडला. याउलट लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून व्यापारी पुढे सरकत जातात आणि प्रत्येक ट्रॉलीपाशी भाव मोठ्याने पुकारला जातो, तेव्हा शेतकऱ्याला निदान शेजारच्या ट्रॉलीला काय भाव मिळाला ते ऐकू येते. भाव पटेल असे नव्हे, पण रुमाल गेलेला असतो.

आता शहरांत संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार भरतात. ते चांगलेच आहेत. दोन-चार क्रेट टोमॅटो किंवा पालेभाजी असलेल्याला तिथे आडत, हमाली वाचवता येते. पण चाळीस क्विंटल कांदा असलेला माणूस गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकाशी बसून किती दिवसांत तो खपवणार? शिवाय अशा बाजारात शेतकरी सकाळी पाटीवर भाव लिहितो, तो मनाने लिहीत नाही. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे त्या भाजीला काय भाव निघाला, हे फोनवर विचारून, त्यावर चार पैसे चढवून लिहितो. थेट विक्रीचा भावही त्या लिलावाच्याच आधाराने उभा असतो.