कापूस, तारायंत्र आणि मुंबईची पेढी

चीनकडे जाणारी अफू आणि कापूस यांच्या जोरावर मुंबई बंदर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच धनाढ्य झाले होते. परंतु एखाद्या परक्या मुलखातील युद्धाने आपल्या घराचे भाडे, मजुरी आणि धान्याचा दर एकाच हंगामात पालटू शकतो, याचा अनुभव या शहरातील सामान्य माणसाला प्रथम आला तो १८६१ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, लँकेशायरच्या चात्या कापसावाचून थंड पडू लागल्या आणि लिव्हरपूलचा व्यापारी वऱ्हाड, खानदेश व गुजरात येथील आखूड धाग्याच्या मालासाठी पूर्वी कधी न दिलेली किंमत मोजू लागला.

पुढील चार वर्षांत सुमारे आठ कोटी पौंडांचा जादा पैसा मुंबईत आला, असा समकालीनांचा अंदाज आहे. तो जिरवावयास पुरेसे उद्योग नसल्यामुळे बँका, जमीन भरणी करणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्या भागांचा सट्टा यांना ऊत आला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे भाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले, आणि प्रेमचंद रायचंद या असामान्य बुद्धीच्या दलालाची मर्जी संपादन करण्यासाठी प्रतिष्ठित गृहस्थ खेटे घालू लागले. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. पुढच्या एप्रिलात अमेरिकेतील लढाई संपली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच पेढ्यांमागून पेढ्यांनी दिवाळे काढले. १८७२ मध्ये लोकसंख्या ६,४४,४०५ एवढीच उरली होती. शहर सोडून परतलेले हे लोक मुख्यतः मजूर होते, आणि त्यांची नावे कोणत्याही दिवाळखोरीच्या दस्तऐवजात नाहीत.

या अरिष्टाचा सारा दोष प्रेमचंदांच्या लोभावर ढकलण्याची रीत मला अन्यायाची वाटते. लोभ होताच, पण ज्या व्यापारात माल समुद्रमार्गे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करी आणि लिव्हरपूलचा भावही मुंबईस उशिरा कळे, त्या व्यापारात अंदाज हेच भांडवल असे. अडत्याचे ज्ञान, त्याचे खेड्यांतील लागेबांधे आणि डाकेच्या आगबोटीची वाट पाहण्याचा धीर यांना तेथे मोल होते.

हे मोल नाहीसे केले ते यंत्रांनी. भोर आणि थळ हे दोन्ही घाट फोडून आगगाडी देशावर चढली होती, १८६७ मध्ये ती नागपुरास पोचली. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आणि १८७० मध्ये समुद्रतळाशी घातलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. आता राल्ली वा फोलकार्ट यांच्यासारख्या युरोपीय पेढ्यांचा गुमास्ता खामगावच्या बाजारात उभा राहून, लिव्हरपूलचा ताजा भाव ध्यानी ठेवून, थेट गासड्या विकत घेऊ शकत होता. मधला मुंबईकर व्यापारी हळूहळू निर्यातीत दुय्यम ठरला.

आपल्या इतिहासकारांनी ज्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही असे मला वाटते, ते स्थित्यंतर येथे घडले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी ताडदेवास १८५६ पासून सूत काढीत होती. परंतु निर्यातीत मागे सरलेले भांडवल गिरणधंद्याकडे मोठ्या प्रमाणात वळले ते या पराभवानंतर. मुंबईचे सूत चीनला जाऊ लागले, आणि रत्नागिरी, सातारा येथील माणसे परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत दाटीने राहून त्या नव्या संपत्तीचा पाया घालू लागली.

जमशेदजी टाटा हे याच आपत्तीत होरपळलेल्यांपैकी एक. मंदी आली तेव्हा ते लंडनमध्ये होते, आणि कापसाच्या ज्या हुंड्यांवर त्यांची भिस्त होती त्या निरुपयोगी झाल्या होत्या. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नव्हे, तर कापसाच्या रानालगत नागपुरात. कारण ज्या आगगाडीने मुंबईस कच्चा माल आणून दिला, तीच आगगाडी आता गिरणीला मुंबईपासून दूर जाण्याची मोकळीक देत होती.