बालेकिल्ल्याचे वय

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी एक शब्द आपल्या कानावर हमखास पडतो. तो म्हणजे बालेकिल्ला. अमुक मतदारसंघ हा तमुक पक्षाचा बालेकिल्ला, त्याला खिंडार पडले, किंवा पक्षाने तो राखला. हा शब्द आपल्याकडे गडकोटांच्या इतिहासातून आला. गडावरचा सर्वांत उंच, सर्वांत आतला आणि शेवटपर्यंत लढवायचा भाग म्हणजे बालेकिल्ला. राजगड चढून गेलेल्यांना तो वेगळा सांगायला नको. पण ज्यांनी गड पाहिले आहेत त्यांना हेही ठाऊक असते की, किल्ला नुसत्या तटबंदीवर टिकत नाही. त्याला शिबंदी लागते, दाणागोटा लागतो, टाक्यांमध्ये पाणी लागते. तट जागच्या जागी उभा असतो आणि तरीही किल्ला हातचा जातो.

मतदारसंघांचे काय? एखादा मतदारसंघ एका पक्षाशी किती वर्षे बांधलेला राहतो? पन्नास वर्षे, शंभर वर्षे, की कायमचा? आपण बोलताना 'पिढ्यान्‌पिढ्या' असे सहज म्हणून जातो. प्रत्यक्ष वर्षे मोजली तर काय दिसते, ते महाराष्ट्रातल्या तीन ठिकाणांच्या आधारे पाहू. एक दुष्काळी तालुका, एक कामगारवस्ती आणि एक जुनी पेठ.

पहिला तालुका सोलापूर जिल्ह्यातला सांगोला. माणदेशाचा हा पट्टा. पाऊस कमी, माळरान जास्त. १९६२ मध्ये इथून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आले आणि एकूण तब्बल अकरा वेळा आमदार झाले. शेवटची निवडणूक त्यांनी जिंकली ती २०१४ मध्ये, सुमारे २५ हजार मतांनी. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले होते. या काळात त्यांच्या पक्षाचे राज्यात काय झाले, तेही पाहा. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदी मंडळींनी १९४७-४८ च्या सुमारास हा पक्ष उभा केला. १९६७ मध्ये शेकापचे १९ आमदार होते. २०१४ मध्ये उरले तीन. पक्ष राज्यभर आटत गेला आणि सांगोल्यात मात्र टिकला. बालेकिल्ल्याचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण आता वर्षे मोजू. १९६२ ते २०१९ म्हणजे ५७ वर्षे. ती सलग आहेत का? नाहीत. १९७२ मध्ये गणपतराव पराभूत झाले. त्या वर्षी इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने राज्यातल्या २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि ते परत आले. पुढे १९९५ मध्ये ते पुन्हा हरले, तेव्हाचे काँग्रेसचे उमेदवार शहाजीबापू पाटील यांच्याकडून आणि तेही अवघ्या १९२ मतांनी. १९९९ मध्ये ते पुन्हा जिंकले. म्हणजे सलग निष्ठेचे मोठे टप्पे दोनच: १९७४ ते १९९५ ही २१ वर्षे आणि १९९९ ते २०१९ ही २० वर्षे. हे आकडे लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

सांगोल्याला कशाने धरून ठेवले? एसटीने प्रवास करणारा आमदार ही गणपतरावांची प्रतिमा सर्वांना माहीत आहे. ती खोटी नव्हती, पण नुसत्या साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. त्यामागे रोजच्या जगण्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या. सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली. दुष्काळी भागाला आधार देणारी रोजगार हमी योजना हा गणपतरावांच्या कायमच्या आस्थेचा विषय होता. १९९९ मध्ये ते मंत्री झाले तेव्हा ते खातेही त्यांच्याकडे आले. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९० च्या दशकात चळवळ उभी केली आणि आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या, त्यातही गणपतराव पुढे होते. ज्या माळावर पूर्वी कुसळे उगवायची तिथे डाळिंबाच्या बागा आल्या. हे सगळे एका माणसाने केले असे नव्हे. पण या प्रत्येक कामात मतदाराला आपल्या पक्षाचा माणूस बरोबर दिसत होता. ही झाली किल्ल्याची शिबंदी आणि हाच दाणागोटा.

आता मुंबईकडे वळू. लालबाग, परळ, शिवडी, वरळी हा सारा परिसर म्हणजे गिरणगाव. तो एक मतदारसंघ नाही, अनेक मतदारसंघांमध्ये विभागलेली एक वस्ती आहे. तिची निष्ठा पहिल्यांदा जडली ती लाल बावट्याशी. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि कम्युनिस्टांचा गिरणगावात पाय रोवला गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या भरात, १९५७ मध्ये श्रीपाद अमृत डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी परळमधून कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई विधानसभेत गेले.

१९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. ५ जून १९७० रोजी कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या जागेवर त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक होते. महाडिक १,६७९ मतांनी जिंकले आणि शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. त्या दिवशी गिरणगाव लालचे भगवे झाले, असे पुष्कळदा लिहिले जाते. पण पुढचा इतिहास इतका सरळ नाही. १९७२ मध्ये साऱ्या राज्यातून सेनेचा एकच आमदार निवडून आला, तोही गिरगावातून. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप फसला, घरे उद्ध्वस्त झाली. तरी १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत, देशभर काँग्रेसची प्रचंड लाट असताना, याच कामगारांनी सामंतांना दक्षिण-मध्य मुंबईतून दिल्लीला पाठवले.

म्हणजे लाल बावटा उतरल्यावर गिरणगाव लगेच दुसऱ्याचे झाले नाही. ते आधी युनियनशी आणि मग संपाच्या नेत्याशी बांधलेले राहिले. गिरणीच्या फाटकावर रोज भेटणारी संघटना हा त्या निष्ठेचा पाया होता. फाटकेच बंद होत गेली तेव्हा तो पाया उरला नाही. कामगार गिरणीतून चाळीत परतला आणि चाळीत त्याला भेटली ती शिवसेनेची शाखा. नळाचे पाणी, शाळेतला प्रवेश, दवाखान्याची चिठ्ठी, पोराची नोकरी, यांसाठी उघडे असणारे दार आता शाखेचे होते. १९८९ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईतून वामनराव महाडिक लोकसभेवर गेले. त्यानंतर १९९१ ते २००४ या काळातल्या पाचही निवडणुका मोहन रावले यांनी जिंकल्या. २००९ मध्ये मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, शिवसेनेतून फुटून निघालेली मनसे मैदानात होती आणि ही साखळी तुटली. शिवडीच्या विधानसभेच्या जागेवरही त्या वर्षी मनसेचे बाळा नांदगावकर निवडून आले. १९८९ ते २००९. पुन्हा वीस वर्षे.

तिसरे ठिकाण पुण्याचे, कसबा पेठ मतदारसंघाचे. शनिवारवाड्याच्या भोवतालच्या जुन्या पेठा आणि त्यातले वाडे. १९९५ पासून २०१४ पर्यंत भारतीय जनता पक्षाचे गिरीश बापट इथून सलग पाच वेळा निवडून आले. २०१९ मध्ये त्याच पक्षाच्या मुक्ता टिळक आल्या. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणूक लागली. २ मार्च २०२३ ला निकाल आला तेव्हा काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी जिंकले होते. अनेकांना तो धक्का वाटला. पण हेच धंगेकर २००९ मध्ये मनसेच्या तिकिटावर याच कसब्यात दुसऱ्या क्रमांकावर होते. तटाला चीर पडल्याचे चौदा वर्षांपूर्वीच दिसले होते, फक्त विजयाच्या गुलालात ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही. १९९५ ते २०२३ म्हणजे २८ वर्षे.

आता सगळे आकडे एकत्र ठेवू. सांगोल्यात २१ आणि २०, गिरणगावात २०, कसब्यात २८. तीन ठिकाणे, तीन पक्ष. तिथल्या जगण्यात काहीच साम्य नाही आणि तरी सलग निष्ठेचा काळ वीस ते तीस वर्षांच्या आतच येतो. तीन ठिकाणांवरून नियम सांगणे शहाणपणाचे नाही, हे मान्य. वीस ते तीस वर्षे म्हणजे मात्र ढोबळमानाने एक पिढी, आणि हा निव्वळ योगायोग असावा असे मला वाटत नाही.

मतदारयादी कागदावर तीच दिसते, पण तिच्यातली माणसे बदलत असतात. दर निवडणुकीला काही नावे गळतात, काही नवी चढतात. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, तेव्हा तर एका दमात तीन वर्षांची तरुण मुले यादीत आली. वीस-पंचवीस वर्षांत यादीचा मोठा भाग नवा झालेला असतो. ज्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, खडी फोडायला गेला, त्याला रोजगार हमीची किंमत सांगावी लागत नाही. त्याच्या नातवाला ती गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते. ज्याने संपात भांडी विकली त्याला सामंत कोण हे विचारावे लागत नाही. त्याच्या मुलाचा प्रश्न वेगळा असतो. बापाने कारणासाठी दिलेले मत मुलगा काही काळ सवयीने देतो. मग एक दिवस तो विचारतो, का द्यायचे? त्या प्रश्नाला नवे उत्तर नसेल तर बालेकिल्ला पडतो.

मग सांगोला ५७ वर्षे जवळजवळ कसा टिकला? माझ्या मते, तो मधे पडला म्हणूनच टिकला. १९७२ आणि १९९५ च्या पराभवांनी पक्षाला पुन्हा गावोगाव फिरायला लावले. पुढचा दाखलाही तेच सांगतो. वयामुळे गणपतराव २०१९ मध्ये उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख लढले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. त्या वर्षी शेकापचा एकच आमदार निवडून आला आणि तो सांगोल्याचा नव्हता. ३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले. आता संपले, असे पुष्कळांना वाटले. पण २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सुमारे २५ हजार मतांनी जिंकून आले. समोर दोन्ही शिवसेनांचे उमेदवार होते, हे खरे. मतविभागणीचा लाभ झाला असेल. तरीही पराभवानंतर जुने धागे पुन्हा बांधावे लागले, हे नाकारता येणार नाही. कसब्यातही तसेच झाले. २०२३ मध्ये हरलेले हेमंत रासने २०२४ मध्ये १९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

यात आणखी एक गुंता अलीकडे पडला आहे. मतदार एकनिष्ठ राहतो, पण पक्षच दुभंगतो. २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला. मग एकनिष्ठ कोण, चिन्हाबरोबर गेलेला की जुन्या नेत्याबरोबर राहिलेला? शिवडीने २०२४ मध्ये मशालीला निवडले. इतर अनेक ठिकाणी लोकांनी धनुष्यबाणाला निवडले. दोघेही आपल्याला निष्ठावंतच म्हणवतात.

या साऱ्या हिशेबात मतदाराचे काय लागलेले आहे, ते सांगून थांबतो. मतदारसंघ अगदी पक्का झाला की त्याच्याकडे कोणी बघत नाही. ज्याला खात्री आहे तो येत नाही आणि ज्याला आशा नाही तोही येत नाही. प्रश्न तसेच पडून राहतात. म्हणून निष्ठा हा मतदाराचा दागिना असला तरी तो तिजोरीत कुलूप लावून ठेवण्याचा नाही. १९२ किंवा ७६८ मतांनी दिलेला इशारा कधी कधी २५ हजारांच्या विजयापेक्षा तालुक्याच्या जास्त उपयोगी पडतो.

पुढच्या निकालाच्या दिवशी 'बालेकिल्ला राखला' असे कानावर पडले, तर आपण दोन गोष्टी विचाराव्यात. किती मतांनी? आणि मागच्या वेळेपेक्षा ती वाढली की घटली? गडावरचे टाके कितीही खोल खणलेले असो, ते दर पावसाळ्यात नव्याने भरावे लागते.