बूम ऑपरेटर
लांब दांडीच्या टोकाला बसवलेला मायक्रोफोन पात्राच्या शक्य तितका जवळ, पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर धरून संवाद टिपणारा तंत्रज्ञ. ध्वनिपथकात तो ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली असतो.

दांडी अ‍ॅल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची असते. टेकआधी लेन्स कोणती, चौकटीची वरची कड कुठे, दांडीची सावली कुठे पडेल, हे तो हेरून ठेवतो. संवाद त्याला नटाइतकेच पाठ लागतात. एकाचे वाक्य संपायच्या आत मायक्रोफोनचे तोंड दुसऱ्याकडे वळलेले हवे; उशीर झाला, तर पुढच्या वाक्याचा पहिलाच शब्द पोकळ येतो. डोक्यावर धरलेल्या दांडीवर बोट घासले तरी खरखर मुद्रित होते. संवाद संपले की सगळ्यांना गप्प उभे करून त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करतात. संकलनात सांधे बुजवायला ती लागते.

‘आलम आरा’च्या (१९३१) वेळी मायक्रोफोन पात्रांजवळ लपवावे लागत आणि स्टुडिओलगतच्या रेल्वेमुळे चित्रीकरण रात्री चाले. पुढे आवाज करणारे हलके कॅमेरे आले, डबिंग रुळले आणि बूमचे महत्त्व ओसरले. ‘लगान’नंतर (२००१) ‘सिंक साउंड’, म्हणजे चित्रीकरणासोबतचे ध्वनिमुद्रण, पुन्हा वाढले.

छत्रपती संभाजीनगर परिसरात या कामाची कसोटी लागते. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, कमानदार छताच्या चैत्यगृहात, शब्द घुमत राहतो. अशा ठिकाणी लांब नळीचा शॉटगन मायक्रोफोन फारसा उपयोगी पडत नाही. आखूड, अरुंद टप्प्याचा मायक्रोफोन तोंडाच्या अगदी जवळ न्यावा लागतो. उघड्या माळावर अडचण वाऱ्याची. तिथे मायक्रोफोनवर केसाळ आवरण चढवतात.

मराठवाडी बोलीतल्या पात्रांसाठी तर बूमला खरोखर पर्याय नाही. त्या बोलीचा हेल, मध्येच घेतलेला श्वास, वाक्याच्या शेवटी तुटणारा स्वर हे महिन्यांनंतर बंद खोलीत पडद्याकडे बघत बोलताना क्वचितच तसेच्या तसे उतरते. ग्रामीण बोलीतल्या ‘ख्वाडा’ या मराठी चित्रपटाला २०१४ सालासाठीचा स्थळध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ध्वनिमुद्रकाच्या नावे दिला जात असे. बूम ऑपरेटरसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत स्वतंत्र विभाग नाही. तो असायला हवा.