तळटीप : वॉकिंग फूट
मशीनचे दाते फक्त खालचं कापड पुढे सरकवतात. वरचं नेहमीच्या फूटखाली घासत मागे राहतं. साध्या शिवणीत हे हातानं सावरून घेता येतं, पण वरचं कापड, मधला कापूस आणि अस्तर असे तीन थर आले की चुण्या पडतात. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात. त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर अडकवली, की सुईच्या तालावर हे दाते उचलतात, टेकतात आणि वरचा थर खालच्याबरोबर चालतो. हातानं धावदोरा घातलेल्या गोधडीत हा प्रश्नच येत नाही. वॉकिंग फूटनं शिवताना टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. लेखिका वेलबुट्टीसाठीही हाच फूट सुचवते, ते पटत नाही. तिथे खालचे दाते पाडून डार्निंग फूटच लावावा. — संपादक