आठवा बिट कोणाचा? वर्डस्टार, जिस्ट कार्ड आणि काकांच्या फ्लॉपी

आजचा भाग थोडा घरचा आहे. साताऱ्यात माझ्या काकांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. ती बंद झाली तेव्हा एक फ्लॉपीचा डबा माझ्याकडे आला. मी तेव्हा सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. डबा विश्रामबागच्या रूमवर कॉटखाली पडून राहिला तो पार नोकरी लागेपर्यंत.

काका टाईप करायचे वर्डस्टारमध्ये. हा एडिटर मूळचा पीसीचा नाहीच बरं का. १९७८ मध्ये तो सीपी/एम नावाच्या सिस्टिमसाठी आला आणि १९८२ मध्ये तोच डॉसवर पोर्ट झाला. पोर्ट म्हणजे नवं घर बांधणं नव्हे, जुनंच सामान नव्या घरात हलवणं. मुख्य प्रोग्राम होता डब्ल्यूएस.कॉम, आणि डॉसमध्ये .कॉम फाइल ६४ केबीच्या वर जात नाही. बाकीचा कोड ओव्हरले फाइल्समध्ये. लागेल तेव्हा तो तुकडा फ्लॉपीवरून मेमरीत यायचा. मेनू मागितला की आधी ड्राइव्हची घरघर, मग मेनू!

काकांच्या मशीनला हार्ड डिस्क नव्हती, होत्या दोन फ्लॉपी ड्राइव्ह. त्यांचा उपाय होता रॅम डिस्क. म्हणजे मेमरीचाच एक तुकडा डिस्क आहे असं डॉसला भासवायचं, वर्डस्टार ओव्हरलेसकट तिथे कॉपी करायचा आणि तिथूनच चालवायचा. घरघर बंद. फक्त लाइट गेली की सगळं पुन्हा कॉपी. "अरे, लोडशेडिंगच्या दिवसांत मी टायपिंगपेक्षा कॉपीच जास्त केलीय," असं काका हसत सांगायचे.

पण खरी कसरत मराठीची. डॉसची स्क्रीन म्हणजे ८० कॉलम, २५ ओळी. प्रत्येक घरात एक अक्षर, एका अक्षराला दोन बाइट, मिळून ४,००० बाइट. आता 'कि' लिहा. वेलांटी टाईप होते क नंतर, दिसते क च्या आधी. जोडाक्षरं तर बोलूच नका. हे घरांच्या चौकटीत बसत नाही, चित्र म्हणून काढावं लागतं. ६४० बाय २०० ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र म्हणजे १६,००० बाइट, चौपट काम. ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला प्रत्येक अक्षरामागे हे करायला लावलं तर टाईप करणारा पुढे आणि स्क्रीन मागे.

आयआयटी कानपूरमध्ये यावर काम सुरू झालं आणि पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेलं. त्यातून आलं जिस्ट कार्ड. मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवलं की अक्षरं जुळवायचं काम त्याच्याकडे गेलं. वर्डस्टार, डीबेस असे इंग्रजी प्रोग्राम न बदलता मराठी दाखवू लागले. आज आपण जीपीयूवर काम ढकलतो, तीच युक्ती! मला विचाराल तर आपल्याकडच्या कम्प्युटिंगमधली ही सगळ्यात हुशार आयडिया आहे, आणि कॉलेजात आम्हाला तिच्याबद्दल एक ओळही शिकवली नाही.

कार्डाची साठवण इस्कीमध्ये, म्हणजे १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात. खालचे १२८ कोड इंग्रजीचे, वरचे भारतीय लिपींचे. थोडक्यात, आठवा बिट चालू असेल तर मराठी. युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलाय.

आता गंमत ऐका. जुना वर्डस्टारही डॉक्युमेंट मोडमध्ये आठवा बिट वापरायचा, शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर स्वतःची खूण म्हणून. जागा एक, हक्कदार दोन.

मी डबा उघडला तेव्हा इंग्रजी अर्जांमध्ये प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसत होतं. पायथनची एक ओळ लिहिली: प्रत्येक बाइटचा आठवा बिट शून्य कर. अर्ज स्वच्छ! खूश होऊन तीच ओळ सगळ्या फोल्डरवर चालवली. साखर कारखान्याच्या नोटिसा, लग्नपत्रिका, आजोबांच्या आठवणींची बावीस पानं, सगळ्या मराठी फाइल्स इंग्रजी कचरा झाल्या. गेलेला बिट परत आणता येत नाही. परत फ्लॉपी वाचायला गेलो, तर तिने ड्राइव्हमध्ये नुसती करकर केली.

नशीब, पहिल्याच दिवशी मी सगळ्या फ्लॉपींच्या इमेज काढून ठेवल्या होत्या. इस्कीतून युनिकोडमध्ये आणायला दोन रविवार गेले. आजोबांची बावीस पानं आता काकांच्या फोनवर आहेत. त्यांनी वाचली आणि मला फोन केला, "सातव्या पानावर एक वेलांटी चुकलीय. माझीच चूक आहे, राहू दे."