फोटोची मागची बाजू पाहिलीत का?

परवा आमच्या एका ग्रुपवर पोस्टर आलं. वन्यजीव छायाचित्रांचं प्रदर्शन, शनिवार-रविवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश विनामूल्य. खाली फांदीवर पसरलेला बिबट्या. कुणी ‘नक्की येणार’ लिहिलं, कुणी टाळ्या टाकल्या, मीही चार जणांना पुढे ढकललं. रात्री पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की पोस्टरवर वार आहे, तारीख आहे, वेळ आहे. फक्त साल नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? ज्याला जायचंय त्याला साल कशाला सांगायचं? बरोबर आहे. पण तुम्ही संशोधनाच्या वाटेला लागणार आहात, म्हणून विचारते: चाळीस वर्षांनी हे पोस्टर तुमच्यासारख्या कुणाच्या हाती लागलं तर? वार आणि तारीख जुळवून काही सालं बाद करता येतील. पण उरलेल्यांपैकी नेमकं कुठलं, हे पोस्टर सांगणार नाही.

माझा विषय भारतातल्या वन्यजीव छायाचित्रणाचा इतिहास. या विषयात कॅमेरे मोजले जातात, पुस्तकं मोजली जातात, बक्षिसं तर हमखास मोजली जातात. पण ‘प्रदर्शन आहे रे, फोटो पाठव’ हे कुणी कुणाला कळवलं, याची नोंद कुणी ठेवत नाही. मीही सुरुवातीला तिकडे दुर्लक्ष केलं. ते कसं महागात पडलं ते पुढे सांगते.

आधी एक साधा मुद्दा. प्रदर्शन भरणं आणि त्याची बातमी पोहोचणं या दोन वेगळ्या घटना आहेत. अमेरिकेतल्या जॉर्ज शिरास यांचं उदाहरण घ्या. रात्री होडीतून जायचं, फ्लॅशच्या उजेडात काठावरच्या हरणांचे फोटो काढायचे, ही त्यांची पद्धत. त्यांच्या फोटोंना पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. पण नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या वाचकांनी त्यांचे ७४ फोटो पाहिले ते जुलै १९०६ मध्ये. मधली सहा वर्षं फोटो होते, पदकही होतं. या वाचकांपर्यंत मात्र ते आलेले नव्हते. म्हणून ‘हे फोटो लोकांनी कधी पाहिले?’ असं विचारलं, की पहिला प्रतिप्रश्न करायचा: कुठल्या लोकांनी?

इंग्लंडातल्या हौशी मंडळींनी यावर एक वेगळीच युक्ती काढली होती. कीर्टन बंधूंचं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं, फोटोंनी सजलेलं पुस्तक १८९५ मध्ये आलं आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, झूलॉजिकल फोटोग्राफिक क्लब सुरू झाला. सभासद गावोगाव विखुरलेले. मग फोटोंचा एक गठ्ठाच टपालाने फिरू लागला. गठ्ठा आला की इतरांचे फोटो पाहायचे, त्यावर मत लिहायचं, आपला फोटो घालायचा आणि यादीतल्या पुढच्या माणसाला पाठवायचा. म्हणजे भिंत नसलेलं प्रदर्शनच म्हणा ना! बातमी आणि प्रदर्शन दोन्ही एकाच पाकिटातून घरी. पण यातली मेख ओळखलीत का? पाकीट यादीतल्या माणसाकडेच जाणार. ज्याचं नाव यादीत नाही, त्याने कितीही सुंदर खंड्या टिपलेला असो, त्याच्या दारात पोस्टमन थांबणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९५० पासून फियाप ही महासंघटना आहे. या जगात प्रदर्शनाला म्हणतात सलॉन. फियापचा किताब हवा असेल तर वेगवेगळ्या देशांतल्या सलॉनमध्ये तुमचे फोटो स्वीकारले गेल्याचा हिशोब द्यावा लागतो. बंगळूरचे ई. हनुमंत राव आणि टी. एन. ए. पेरुमाळ यांना ओ. सी. एडवर्ड्स यांचं मार्गदर्शन लाभलं आणि दोघांचे फोटो जगभरच्या सलॉनमध्ये गेले. फोटो उत्तम होते यात वादच नाही. पण कुठल्या देशात कधी सलॉन आहे, प्रवेशिका कुठून मागवायची, प्रिंट केवढी हवी, मुदत केव्हा संपते, हे माहीत असलेलं माणूस जवळ असणं ही काही लहान गोष्ट नव्हे. इंटरनेट नसताना तर नव्हेच.

आता माझी चूक. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी गेले होते. तिथले एक हौशी छायाचित्रकार वारले होते. त्यांच्या सुनेने माळ्यावरून ट्रंक काढून दिली. आत दोनशेच्या आसपास कृष्णधवल प्रिंट. दोन दिवस बसून मी सगळ्या स्कॅन केल्या, पण फक्त समोरची बाजू! मागे रंगीत लेबलं चिकटवलेली दिसत होती. सलॉनमध्ये फोटो स्वीकारला गेला की प्रिंटच्या मागे असं लेबल लागतं. त्यावर सलॉनचं नाव, गाव, साल असतं. ‘हे पुढच्या खेपेला’ असं म्हणून मी निघाले.

पुढची खेप आठ महिन्यांनी झाली. तोवर घरच्यांनी वर्षश्राद्धाच्या निमित्ताने सगळे फोटो जाड पुठ्ठ्यांवर डिंकाने चिकटवून हॉलमध्ये लावले होते. मोठ्या प्रेमाने. फोटोंना किंमत आहे हे त्यांना माझ्यामुळेच कळलं होतं, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. ट्रंकेतले बाकीचे कागद रद्दीत गेले होते.

डाग पडलेल्या तीन प्रिंट तेवढ्या उरल्या होत्या. आणि ट्रंकेच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक पोस्टकार्ड. एका मित्राने कळवलं होतं, की सलॉनचा फॉर्म वेगळ्या पाकिटाने पाठवतोय, मुदत जवळ आली आहे आणि वाघ नको, घुबड पाठव. उरलेल्या तीन प्रिंटपैकी एक घुबडाची होती. उलटून पाहिली, मागे लेबल होतं, आणि त्यावरचं साल पोस्टाच्या शिक्क्याशी जुळत होतं. एका फोटोचा अख्खा प्रवास हाती आला: कुणी सांगितलं, काय निवडलं, कुठे लागलं. बाकीच्या जवळजवळ दोनशे फोटोंचा प्रवास पुठ्ठ्याला चिकटलेला आहे.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगते. एक, कुठलीही प्रिंट हातात आली की आधी उलटी करा. दोन, प्रदर्शनाचा कॅटलॉग मिळाला की हुरळून जाऊ नका. भिंतीवर कोण होतं ते त्यातून कळतं. ज्याला कळवलंच नव्हतं तो त्यात कसा सापडेल? जुन्या कॅटलॉगमध्ये एखाद्या जिल्ह्याचं किंवा बाईचं नाव दिसलं नाही, तर ‘तिथे कुणी फोटो काढतच नव्हतं’ असं लगेच लिहू नका. बातमी तिथवर गेली होती का, ते आधी तपासा. तीन, प्रवेशिकेचा कोरा फॉर्मसुद्धा जपा, कारण नियम त्यावर असतात. आज सलॉनमध्ये ‘वन्यजीव’ म्हणजे मुक्त प्राणी. प्राणिसंग्रहालयातला वाघ चालत नाही. अमेरिकेतली पीएसए, फियाप आणि इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१५ पासून यासाठी एकच व्याख्या धरली आहे. त्याआधी कुठे काय चालत होतं, हे ज्या त्या काळच्या फॉर्मवरच सापडणार.

आणि जाता जाता आजचं. आपण रोज अशी पोस्टरं पुढे ढकलतो आणि फोन भरला की पुसतो. म्हणजे आजची पोस्टकार्डं आपणच रद्दीत घालतोय. मी आता एक फोल्डर केलंय. आलेलं पोस्टर त्यात ठेवते. कुणाकडून आलं, केव्हा आलं आणि मी कुणाला पाठवलं, तेही लिहिते. काम दोन मिनिटांचं आहे.

त्या बिबट्याच्या पोस्टरला साल लिहून ते पुन्हा ग्रुपवर टाकलं. एकाने विचारलं, ‘हे कशाला?’ त्याला म्हटलं, प्रदर्शनाला ये, तिथे सांगते.